वरच्या मजल्यावरचा खेळांचा कारखाना

गेल्या आठवड्यात वर्तमानपत्रातून एक जण आला होता. आमच्या वरच्या मजल्यावर माझ्या लेकीचा आणि तिच्या दोन मित्रांचा जो स्टुडिओ आहे, त्याचा इतिहास त्याला लिहायचा होता. मी वर चहा पाठवला आणि स्वयंपाकघरात बसून राहिले. जिन्याचं दार उघडं होतं, त्यामुळे सगळं ऐकू येत होतं.

त्याने विचारलं, सुरुवात कशी झाली? तिघांनी तीन सुरुवाती सांगितल्या. माझी लेक म्हणाली, टाळेबंदीत. चित्रं काढणारा म्हणाला, वडिलांच्या नावेत. गाणी करणारा म्हणाला, विद्यापीठाच्या फाटकासमोर, चहाच्या दुकानात. तिन्ही खऱ्या असतील. माझ्याकडे चौथी आहे. पण मला कोणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तर मी काहीतरी काम काढून मागच्या दाराने निघून गेले असते. परक्या माणसासमोर माझा आवाज निघत नाही. म्हणून ही लिहायला बसले. कोणाला दाखवायचं नाही, तेव्हा चुकलं तरी चालेल.

माझं माहेर कृष्णेकाठचं. गावात शाळा चौथीपर्यंत होती. पाचवीची शाळा नदीपलीकडे, आणि मुलीला रोज नावेतून कोण सोडणार, म्हणून तिथेच थांबले. लग्न होऊन बनारसला आले. सासरची माणसं कित्येक पिढ्या इथलीच. कोणी पूजा सांगायचं, कोणी शिकवायचं. हे शाळेत संस्कृत शिकवायचे, आता निवृत्त आहेत. आमच्या घरात मराठी, आणि उंबरा ओलांडला की हिंदी. इतकी वर्षं झाली तरी माझी हिंदी भाजी घेण्यापुरतीच आहे. भाजीवाली मला सांभाळून घेते.

वरच्या मजल्यावर दोन खोल्या आणि पुढे गच्ची. तिथे पूर्वी आपल्याकडचे यात्रेकरू उतरायचे. कोणी काशीयात्रेला आलेलं, कोणी अस्थी घेऊन आलेलं. मी त्यांना साधा वरण-भात, पोळी-भाजी करून वाढायचे. ह्यांना त्या मंडळींचा फार लळा. संध्याकाळी गच्चीवर सतरंजी टाकून नाशिकच्या द्राक्षांपासून साताऱ्याच्या पावसापर्यंत सगळं विचारून घ्यायचे. जन्मात तिकडे चार वेळा गेले असतील, पण बोलणं असं, जसे कालच तिथून आले.

टाळेबंदीत यात्रेकरू बंद झाले आणि लेक पुण्याहून घरी आली. तिथे एका कंपनीत कॉम्प्युटरची नोकरी करायची. वरच्या खोलीत टेबल टाकून तेच काम करू लागली. मला तर बरंच वाटलं. शिकायला म्हणून गेली तेव्हापासून ती सणाला यायची आणि जायची. आता जिन्यावर तिची चप्पल दिसायची.

पुढे सगळं सुरळीत झालं आणि कंपनीने सगळ्यांना परत बोलावलं. तेव्हा एक दिवस जेवताना ती म्हणाली, "बाबा, मी जात नाही. मी खेळ बनवणार."

"कसले खेळ?"

"कॉम्प्युटरवरचे. फोनवरचे."

"ते खेळतात. बनवतात कुठे?"

"कोणीतरी बनवतंच ना, बाबा. झाडाला लागतात का?"

ह्यांनी ताकभात संपवला, हात धुतला, आणि मग सांगितलं. "वरचा मजला तुझा. हा गुढीपाडवा नाही, पुढचा पाडवा येईपर्यंत. तोवर तुझं काम उभं राहिलं तर आनंद आहे. नाही राहिलं तर पुन्हा पुणं, आणि वरती आपली मंडळी. रुसायचं नाही."

"नाही रुसणार," ती म्हणाली.

मला काय वाटत होतं ते मी बोलले नाही. ती इथे राहावी एवढंच मला हवं होतं. पण मी तसं म्हटलं असतं तर ती माझ्यासाठी राहिली असती, आणि मग उद्या काही बिनसलं असतं तर तिला ते ना सांगता आलं असतं, ना सोडता. म्हणून गप्प राहिले. तसंही गप्प राहायला मला वेगळं काही करावं लागत नाही.

तिच्याबरोबर दोघं जण आले. चित्रं काढणारा मल्लाहांच्या घरातला. त्याच्या वडिलांची नाव राजा घाटाला लागते. बोलायला तिखट, पण चित्र काढायला बसला की मांजरासारखा शांत. दुसरा गाणी आणि आवाज करणारा. तो रामनगरचा, म्हणजे गंगेच्या पलीकडचा. रोज पुलावरून स्कूटरने यायचा. आता इकडे अशी समजूत आहे की काशीत मरण आलं तर विश्वनाथ स्वतः कानात मंत्र सांगतो आणि माणूस सुटतो, पुन्हा जन्म नाही. आणि पलीकडच्या तीरावर मेलं तर पुढचा जन्म गाढवाचा. रामनगरचे लोकही हे हसून सांगतात. त्यामुळे जिन्यावर स्कूटरची किल्ली वाजली की चित्रवाला खालीपर्यंत ऐकू येईल असं ओरडायचा, "आ गया उस पार का गदहा!" आणि हा वरून उत्तर द्यायचा, "अभी आदमी हूँ भाई, अगले जनम का ताना इसी जनम में मत दे."

दोघं बोलायचे हिंदी, पण आमची मराठी त्यांना कळायला लागली होती. लेकीने दोघांना मला काकू म्हणायला शिकवलं. पण बनारसचा माणूस वडीलधाऱ्यांना जी लावल्याशिवाय राहत नाही. म्हणून मी काकूजी झाले.

गल्लीत बातमी पसरली की गुरुजींच्या वरच्या मजल्यावर खेळणी बनतात. इथे लाकडाची रंगीत खेळणी करणारे कारागीर पुष्कळ, तेव्हा लोकांना दुसरं काही सुचलंच नाही. समोरच्या वहिनी नातीची मोडकी लाकडी गाडी घेऊन आल्या, चाक बसवून द्या म्हणाल्या. चित्रवाल्याने निमूट बसवून दिलं. मग आणखी दोन आल्या. शेवटी हेच म्हणायला लागले, "वर खेळांचा कारखाना आहे." तेच नाव घरात राहिलं. खरं नाव इंग्रजी आहे, ते मला नीट म्हणता येत नाही.

पहिला खेळ नावेचा ठरला. खेळणारा म्हणजे नावाडी. अस्सी घाटापासून पुढे एकेका घाटाला लागायचं, माणसं घ्यायची, माणसं सोडायची. कोणी दूधवाला, कोणी नवी नवरी, कोणी छत्री घेतलेले मास्तर. ते मास्तर कोण हे सांगायला नको, ह्यांनी ते चित्र बघून छत्री बदलून घेतली. धुकं येतं, वारा येतो, इंजिनाच्या बोटी शेजारून जाऊन लाटा उठवतात, आणि आपली नाव सावरायची. मणिकर्णिकेला, जिथे चिता जळतात, नाव थांबत नाही. तिथे आली की गाणं बंद होतं आणि नुसती वल्ही ऐकू येतात. हे चित्रवाल्याने सांगितलं होतं, त्याचे वडील तसंच करतात, तिथून जाताना बोलत नाहीत.

आवाजवाल्याने वल्ह्यांचा आवाज खऱ्या नावेत बसून घेतला. ढगांचा गडगडाट मात्र आमच्या पाट्याचा आहे. मी दगडी पाटा ओसरीवरून ओढत नेत होते, तो जिन्यात थांबला आणि म्हणाला, "काकूजी, एक बार फिर से." मी पाटा तीनदा इकडून तिकडे ओढला. चटणी राहिली, पण पाऊस झाला.

खेळून बघायला त्यांना असं माणूस हवं होतं ज्याला काही येत नाही. अडकतं कुठे ते तेव्हाच कळतं, असं लेक म्हणाली. माझ्याहून कमी येणारं कोण मिळणार? दुपारी जेवणं झाली की ती मला वर बोलवायची. नियम एकच, खेळणाऱ्याला काही सांगायचं नाही. पण पहिल्या दिवशी तिघं माझ्याकडे बघत बसले आणि माझा अंगठाच हलेना. मग आवाजवाल्याने युक्ती काढली. तिघांनीही माझ्याकडे पाठ करून बसायचं. माझ्या फोनवर जे चाललंय ते त्यांना समोरच्या मोठ्या पडद्यावर दिसायचं. तीन पाठी पाहून मला बरं वाटलं. पाठीला कोण लाजतं? मी निवांत खेळायचे. नाव भलतीकडे न्यायचे, मास्तरांना भलत्याच घाटाला उतरवायचे. पुढे जो कोणी खेळून बघायला आला त्याच्यासमोर ते असेच पाठ करून बसू लागले. आजही बसतात. तीच त्यांची रीत झाली.

आणि मी बुडायचे. सगळेच बुडायचे. नाव बुडाली की पाणी शांत व्हायचं, वर एक सोनेरी उजेड पसरायचा, शंख वाजायचा, आणि अक्षरं यायची, मुक्ती. मग खेळ आपोआप बंद व्हायचा, आणि त्या फोनवर पुन्हा म्हणून उघडायचा नाही. मला परत खेळायचं असेल तर लेकीला तो नव्याने भरून द्यावा लागायचा.

मला त्यात काही वावगं वाटलं नाही. काशीत बुडाले, सुटले. मी फोन खाली ठेवायचे आणि भांडी घासायला जायचे. ह्यांनी खेळून पाहिला, मुक्ती आली तेव्हा चष्मा काढून कपाळाला हात लावला. कोपऱ्यावरचा पानवाला आला, बुडाला, फोनला नमस्कार केला आणि म्हणाला, "हो गया? चलो, बढ़िया." समोरच्या वहिनींच्या डोळ्यात पाणी आलं. चित्रवाल्याचे भाऊ आले, मावशी आली. एकानेही विचारलं नाही की पुढे काय. खेळून पाहिलेली सगळी माणसं काशीची. कोण विचारणार?

कार्तिकात खेळ बाहेर पडला. म्हणजे कॉम्प्युटरवर जे खेळांचं दुकान असतं तिथे मांडला. ह्यांनी कॉम्प्युटरला हळदकुंकू लावलं, नारळ गच्चीवर फोडला. लेकीने खव्याचे पेढे आणले. जगात कोणीही तो आता घेऊ शकतो, असं ती म्हणाली, आणि घेतलाही लोकांनी. दोन-तीन दिवस वरून नुसता हसण्याचा आवाज येत होता.

मग हसणं थांबलं. मी नाश्ता घेऊन गेले तर तिघंही पडद्याला चिकटलेली. पडद्यावर एक चांदणी दिसत होती. मी लेकीला हळूच म्हटलं, "एक तरी दिलीय की."

"आई, पाचातली एक."

खाली लोकांनी लिहिलेलं ती वाचून दाखवायची. खेळ खराब आहे. एकदा मेलो आणि उघडतच नाही. फोन बिघडला. फसवणूक आहे. एकाने लिहिलं होतं, मुक्ती म्हणजे काय, मला माझा खेळ परत हवा. जगातले लोक बुडाले की पुन्हा खेळतात, हे तिला माहीत नव्हतं असं नाही. तिने स्वतः शेकडो खेळ खेळलेत. पण ती या गल्लीत वाढलेली. इथे बसून बनवताना तिला ते दिसलंच नाही. ती म्हणाली, "आई, मला वाटलं, इतकं सुंदर संपतंय, कोण परत मागेल?"

रोज नवं कोणी एकच चांदणी देत गेलं. खेळ घेणारे थांबले. एक दिवस जेवायला बसल्यावर ती ताटाकडे बघत म्हणाली, "पुण्याहून फोन आला होता. जागा आहे म्हणतात. पाडव्यानंतर येशील का विचारत होते."

ह्यांनी ताकाची वाटी पुढे ओढली. त्यांनी दिलेला शब्द त्यांना आठवत होता, तिलाही आठवत होता. मी तिला आणखी भाजी वाढली. तिने खाल्ली नाही.

थंडी पडली. मटार आला की मी पोहे करते, आणि दर वेळी वर तोच वाद. मुलं म्हणतात हा चूड़ा-मटर, मी म्हणते पोहे. त्या दिवशी मात्र मी ताटल्या घेऊन गेले तर वाद वेगळाच होता. मी दारातच थांबले. हेही माझ्यामागून वर आले.

आवाजवाला म्हणत होता, "एक बटन लगा दो. फिर से खेलो. बस. आधे दिन का काम है."

"फिर से?" चित्रवाला उभाच राहिला. "विश्वनाथ बाबा ने कान में मंतर दे दिया, छुट्टी हो गई, उसके बाद फिर से? उन्होंने जिसको छोड़ दिया, तू उसको बटन दबा के बुलाएगा?"

"अरे भाई, खेल है!"

"खेल है तो बंबई में डुबा. काशी में क्यों डुबाया? मैं घर में क्या मुँह दिखाऊँगा?"

लेकीने ह्यांच्याकडे पाहिलं. "बाबा, तुम्हीच सांगा याला."

ह्यांनी गळा साफ केला. मला कळलं, आता शाळा भरणार. "शास्त्राप्रमाणे पाहिलं तर तो बरोबर बोलतोय. काश्यां मरणान्मुक्तिः. मुक्त झालेल्याला परत कसं आणणार?"

"बाबा, शास्त्राने चांदण्या मिळत नाहीत!"

"गुरुजी भी उधर?" आवाजवाला कपाळावर हात मारून खाली बसला. "तो फिर बंद करो दुकान. सब मुक्त हो जाओ."

"तुझे क्या समझेगा," चित्रवाला म्हणाला. "तू तो उस पार का है. तू मरेगा तो गदहा बनेगा."

नेहमीचाच टोमणा. पण त्या दिवशी आवाजवाला चिडलेला होता. त्याने माझ्या हातातली ताटली ओढून घेतली आणि तोंडात घास कोंबून म्हणाला, "बनूँगा! ज़रूर बनूँगा! तुम लोग मुक्त हो के बैठे रहना ऊपर. मैं गदहा बन के खेलता रहूँगा!"

कोणी हसलं नाही. चित्रवाल्याचं तोंड उघडं राहिलं. लेकीने हातातला चहा खाली ठेवला आणि म्हणाली, "परत बोल."

"क्या परत बोल?"

"आत्ता जे बोललास ते."

मग मला कळेनासं झालं, कारण तिघंही एकदम बोलायला लागले. लेक पाटीवर नदी काढत होती. एका बाजूला घाट, दुसऱ्या बाजूला वाळू. मधली धार कोणत्या बाजूला ओढते, असं तिने विचारलं. चित्रवाला म्हणाला, नाव बुडेल तिथून धार पलीकडे नेईल, तसं दाखवू. म्हणजे नाव बुडाली की नावाडी पलीकडच्या वाळूला लागणार. तिथे गाढव होणार. खरबुजं वाहायची, काकड्या वाहायच्या, तेवढं पुण्य झालं की पुन्हा माणूस, पुन्हा नाव.

"और मुक्ती?" चित्रवाल्याने विचारलं. त्याचा जीव तिथेच होता.

"मुक्ती शेवटी," लेक म्हणाली. "सगळी माणसं पोचवून झाली, नावाडी म्हातारा झाला, की तो नाव घाटाला लावतो. तेव्हा. आणि तेव्हा खेळ खरंच बंद होणार. परत नाही उघडायचा."

चित्रवाल्याने ह्यांच्याकडे पाहिलं. "गुरुजी, चलेगा?"

ह्यांनी बराच विचार केला. "चालेल," ते म्हणाले. "दोन्हीकडची मतं सांभाळली गेली. फक्त गाढवाचे हाल नकोत. तोही जीवच आहे."

तिघं मान मोडून कामाला लागले, ते मी पुढचे कित्येक दिवस पाहिलं. चित्रवाल्याने इतकी गाढवं काढली की खोलीभर गाढवं झाली. एका गाढवाचे कान आवाजवाल्याच्या केसांसारखे होते. त्याने ते ओळखलं, आणि ठेवू दिलं. गाढवाचा आवाजही त्यानेच स्वतःच्या तोंडाने काढला. गच्चीवर सराव करायचा तेव्हा गल्लीतून कोणीतरी विचारायचं, "गुरुजी, गदहा पाल लिए का?"

तीन पाठींसमोर बसून मी नवा खेळ खेळले. लगेच बुडाले, आणि पहिल्यांदा वाळूला लागले. खरं सांगायचं तर मला गाढव नावेपेक्षा आवडलं. नाव सावरायला दोन्ही अंगठे लागतात. गाढव आपलं हळूहळू चालतं. मध्येच थांबून काकडी खातं. मी इतका वेळ खेळत राहिले की भात करपला. लेकीने मागे न बघता विचारलं, "आई, कंटाळा आला का?" मी म्हटलं, "मला काय घाई आहे?" त्या तीन पाठी हसताना हलल्या.

संक्रांतीच्या सुमाराला नवा खेळ दुकानात गेला. आधी काही झालं नाही. मग एका चांदणीच्या दोन झाल्या. मग कोणी लिहिलं, मी मुद्दाम बुडतो, मला गाढवच आवडतं. ते वाचून आवाजवाला दिवसभर मिरवत होता. माघ संपता संपता कोणी एकाने शेवटपर्यंत खेळून लिहिलं की नावाडी सुटला, खेळ बंद झाला, आता मी तो पुन्हा खेळू शकत नाही, आणि तसंच बरं आहे. त्याने पाचही दिल्या होत्या. चित्रवाल्याने ते आपल्या वडिलांना वाचून दाखवायला नेलं.

खेळ चालायला लागला. फार धावला असं नाही, पण आपल्या पायावर उभा राहिला. तरी पाडव्याचं काय ते कोणी काढत नव्हतं. लेक विचारत नव्हती, कारण शब्द तिने दिला होता. मला वाटतं, ह्यांना त्यांची मंडळी आठवत होती. संध्याकाळी गच्चीवर जायचे आणि नुसते उभे राहून खाली यायचे. पुण्याच्या फोनला लेकीने अजून ना हो म्हटलं होतं, ना नाही.

पाडव्याच्या आधी दोन-चार दिवस हे सकाळी अहिल्याबाई घाटावर आंघोळीला गेले होते. नदीवर जाताना ते फोन घरी ठेवतात. तो वाजायला लागला. लेक वर, तिला हाक ऐकू गेली नाही. फोन थांबला आणि पुन्हा वाजला. मी घेतला.

कोल्हापूरकडची एक मंडळी होती. पूर्वी दोनदा आमच्याकडे उतरलेली. बाई मला ओळखायच्या, पण त्यांच्याशी मी तेव्हाही फारसं बोलले नव्हते. वाढायचे आणि आत जायचे. त्या म्हणाल्या, "वहिनी, वैशाखात यायचं ठरतंय. आता सगळं सुरू झालंय ना? वरच्या खोल्या आमच्यासाठी धरून ठेवा."

ह्यांना विचारून सांगते, असं म्हणता आलं असतं. तेच मी आयुष्यभर म्हणत आले. तोंड उघडलं तेही तेच म्हणायला. पण वरून गाढवाचा आवाज आला, आणि त्यामागे लेकीचं हसणं.

मी म्हटलं, "वर जागा नाही."

"भरल्यात का?"

"हो. वर माझ्या लेकीचा कारखाना आहे."

"अगंबाई, कारखाना? कसला?"

"खेळांचा."

"मग तो कधी उठणार तिथून?"

"नाही उठायचा," मी म्हटलं. "तुम्ही उतरा कुठेही, पण जेवायला आमच्याकडे या. सगळे या. पुरणपोळी करते."

फोन ठेवला. मी भाजी चिरायला बसले.

हे आले. ओला पंचा दोरीवर टाकताना विचारलं, "कोणाचा फोन होता?"

मी सांगितलं. खोल्या मागत होते, मी नाही म्हटलं.

ते पंचा हातात तसाच धरून उभे राहिले. "नाही म्हटलंस? तू?"

"हो."

"आणि त्या काय म्हणाल्या?"

"जेवायला येतील म्हणाल्या. वैशाखात. मी बोलावलंय."

त्यांनी पंचा दोरीवर टाकला, चारी टोकं नीट ओढली. मग म्हणाले, "राहायची सोय मी करतो. घाटाजवळ धर्मशाळा आहे, तिथले व्यवस्थापक माझे विद्यार्थी. संध्याकाळी इकडेच बोलावू बोलायला." आत जाता जाता विचारलं, "किती जण आहेत म्हणाल्या?"

"ते नाही विचारलं."

"बरं केलंस," ते म्हणाले, "तेवढं मला विचारायला राहू दे."

जरा वेळाने लेक चहाला खाली आली. हे गीतेचं पुस्तक घेऊन बसले होते. वर न बघताच तिला म्हणाले, "वैशाखात कोल्हापूरची मंडळी जेवायला येणार आहेत. पंगत खाली ओसरीवर बसेल. तुमच्या वायरी जिन्यात लोंबतायत, त्या तेवढ्या नीट बांधून घ्या. कोणी अडकून पडायला नको."

"आणि राहायला वर?" तिने विचारलं.

"वर कसे राहतील? वर तुम्ही आहात ना."

ती माझ्याकडे बघत राहिली. मी कप पुढे केला. तिने चहा उभ्यानेच प्यायला, कप मोरीत ठेवला, आणि पुण्याचा फोन लावायला गच्चीवर गेली.